शेवटचा सूर आणि श्रीफळ

आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात माझी भाची पियानोवर एका स्वीडिश संगीतकाराची छोटीशी रचना वाजवत होती. गेल्या शतकातली, कपातला चहा निवायच्या आत संपणारी. बर्फातून दूर जाणाऱ्या माणसासारखे सूर विरळ होत गेले. शेवटचा सूर आपोआप विरावा म्हणून तिनं पायाखालचं पेडल दाबून तो धरून ठेवला होता. तेवढ्यात मंडळाचे कार्यवाह शाल-श्रीफळ घेऊन धावले. “एवढंच होतं ना, ताई?” म्हणत त्यांनी तिच्या हातात नारळ कोंबला. मग टाळ्या, मग रचनेहून लांबलचक आभार. जरा शांतता पसरली की आपला जीव कासावीस होतो. रिकामी जागा दिसली की तिथे नारळ ठेवून आपण मोकळे.

सत्काराचा फोटो आज घरी आला. अंगावर शाल, तोंडावर कसनुसं हसू, आणि पाय अजून पेडलवरच.