सुकलालची आखाजीची रजा

१९७२ च्या फेब्रुवारीत आमची फील्ड कंपनी राजस्थानच्या सीमेवर होती. लढाई डिसेंबरातच थांबली होती, पण वाळूत पेरलेले सुरुंग तसेच होते आणि ते काढणं आम्हा इंजिनियरांच्या माथी. मी हवालदार होतो, हाताखाली दहा जण. त्यातला सॅपर, म्हणजे आमच्यातला साधा जवान, सुकलाल भिल माझ्याच गावचा, साक्री तालुक्यातला. त्याचा बाप भिका आमच्या शेतावर सालदार, म्हणजे सालभराच्या बोलीने राबणारा गडी. गावात आम्ही मालक आणि ते गडी. पलटणीत मात्र एकाच लंगरचं जेवण. सुरुवातीला मला ते जड गेलं, खोटं कशाला सांगू.

सकाळी सहाला फॉल-इन. साडेसहा ते अकरा सुरुंग काढत एकेक लेन, म्हणजे मोकळी वाट, करायची, कारण नंतर वाळू तापायची. दुपारी शिक्षणाचा क्लास. बढतीला सर्टिफिकेट लागायचं, म्हणून सगळे डुलक्या घेत का होईना बसायचे.

एका दुपारी शिक्षण हवालदाराने अमेरिकेतलं यादवी युद्ध शिकवलं. दक्षिणेत कापसाचे मोठे मळे होते आणि त्यात विकत घेतलेली माणसं राबत. कापूस म्हटल्यावर आम्ही खानदेशी जागे झालो. उत्तरेत गुलामी बंद झाली होती. देश पश्चिमेकडे वाढत होता आणि नव्या मुलखात गुलामी चालू द्यायची की नाही, यावरून दर वेळी जुंपायची. तडजोडी झाल्या, मोडल्या. पळालेला गुलाम धरून मालकाला परत द्यावा असा कडक कायदा आला, तेव्हा उत्तरेतली साधी माणसंही चिडली. शेवटी गुलामी पसरू देणार नाही म्हणणारा राष्ट्राध्यक्ष निवडून आला आणि दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली. त्यांनी एका किल्ल्यावर तोफा डागल्या. मग चार वर्षं एकाच देशाची माणसं एकमेकांना मारत राहिली.

क्लास सुटल्यावर सुकलाल तंबूत माझ्याजवळ आला.

"भाऊ, मग मना बाप कोन शे?"

सालदार आहे, त्याला कोणी विकत घेतलेलं नाही, असं मी म्हणालो.

"पन तो सोडीसन जाऊ शकस का?"

मी बुटांना पॉलिश करत बसलो.

भिका जाऊ शकत नव्हता. बायकोच्या आजारपणात त्याने माझ्या वडिलांकडून, नानांकडून, उचल घेतली होती आणि ती काही केल्या फिटत नव्हती. सुकलालने दोनदा मनिऑर्डर केली. अंगठा बापाचा लागला, पैसे नानांच्या हाती गेले, उचल होती तेवढीच राहिली. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं. त्या दिवशी मालकाच्या ओट्यावर चार माणसांसमोर उचल फेडली, तर गडी मोकळा. नाहीतर तो मालकाकडे जेवायला बसतो आणि पुढचं साल लागतं. सुकलालने दोन वर्षांचा पगार साठवला होता. त्याला आखाजीच्या दिवशी स्वतः आमच्या ओट्यावर उभं राहायचं होतं. एक दिवस चुकला की बापाचं आणखी एक वर्ष गेलं.

एप्रिलमध्ये नानांचं पत्र आलं. विहिरीचं काम काढलंय, भिक्याशिवाय भागणार नाही, सुकलालला आखाजीला सोडू नकोस. रजेची यादी माझ्या हातात होती. मी त्याचं नाव पहिल्या तुकडीतून काढून आखाजीनंतर सुटणाऱ्या दुसऱ्या तुकडीत घातलं.

सुभेदार साहेबांनी विचारलं, "सुकलाल पीछे क्यों?"

"तजुर्बेकार आदमी है, साब. लेन पूरी होने दो."

साहेबांनी सही केली. सुकलालने विचारलं तेव्हा, साहेबांनीच ठरवलंय, असं मी सांगितलं. तो "बरं भाऊ" म्हणाला. मला त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही.

पहिली तुकडी रजेवर गेली, त्याच्या चौथ्या दिवशी आठ पन्नासला तो लेनमध्ये पालथा पडून प्रॉडरने, सुरुंग शोधायच्या टोकदार सळईने, वाळू टोचत होता. एक सुरुंग वाऱ्याने सरकलेल्या वाळूत कलंडला होता. मी पंधरा यार्ड मागे होतो. आवाज झाला. मी वायरलेसचा सेट उचलला. टू अल्फा ही आमची खूण.

"टू अल्फा. वन कॅज्युअल्टी. अँब्युलन्स. ओव्हर."

"टू अल्फा, नाव?" पलीकडून विचारलं.

नाव सांगायला मला दोनदा बटण दाबावं लागलं. अँब्युलन्स नऊ दहाला आली. सुकलाल नऊ वाजताच गेला होता.

अंत्यसंस्कार तिथेच झाले. चौकशी संपून मी त्याची पेटी घेऊन गावी पोचलो, तेव्हा आखाजी होऊन तीन दिवस झाले होते. तार आधीच आली होती. तरी नानांनी आखाजीला भिकाला जेवायला बसवलं होतं. पोरगा गेला त्याच आठवड्यात बापाचं नवं साल लागलं, आणि घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

भिका गोठ्यात कडबा तोडत होता. मी पेटी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. रजेच्या यादीत सुकलालचं नाव वर होतं, मी खाली नेलं, नानांच्या पत्रावरून.

त्याने हातातली पेंढी तोडून संपवली.

"त्याले माहीत व्हतं का?"

नाही, मी म्हणालो. त्याला मी साहेबांचं नाव सांगितलं.

भिकाने विळा कडब्यावर ठेवला. पेटी उचलायला मी हात पुढे केला, तर "राहू दे" म्हणाला आणि ती स्वतःच डोक्यावर घेऊन निघाला. ओट्यावरून नाना ओरडले, साल लागलंय, कुठे चाललास. तो थांबला नाही. नानांनी मला त्याला अडवायला सांगितलं. मी अडवलं नाही. गावातली दोन माणसं उठली, तेव्हा मी फाटकात उभा राहिलो आणि ती परत बसली. नाना त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत, मरेपर्यंत.

आता धुळ्याच्या शाळांत मला बोलावतात. किती शत्रू मारले, असं मुलं विचारतात. एकही नाही, असं मी सांगतो. मग माझ्या हातून गेलेल्या माणसाचं नाव सांगतो. सॅपर सुकलाल भिका भिल, वय चोवीस.