शहाजादीनं चढवलेला घाट

अकोटमध्ये शिलाई मशीन बिघडली की लोक नियाजकडे यायचे. कापूस मार्केटच्या मागच्या गल्लीत निळ्या शटरचं त्याचं दुकान होतं. बापाचा धंदा तोच त्याचा धंदा. माणूस अंगानं भरदार, आवाजानं मऊ, आणि खेड्यापाड्यांत फिरायला त्याच्याकडे ऐंशी सीसीची जुनी गाडी होती. गिअर डाव्या मुठीत फिरवायचे, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं, आणि किक मारली की मागून निळसर धूर निघायचा. नियाजचा या गाडीवर फार जीव. ती शेताच्या धुऱ्यावरून, अरुंद बांधावरून जायची. नाल्याला पाणी असलं तर दोन माणसं तिला उचलून पलीकडे ठेवायची. रस्त्यात बंद पडली तर खिशातल्या पान्यानं सुधरायची. यापेक्षा जास्त काही गाडीकडून मागावं, असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

त्याची बायको शहाजादी मूळची बाळापूरची. अंगानं काडीसारखी, पण हात पक्का. मोहल्ल्यातल्या बायांचे कपडे तीच शिवायची. घरात ती कमी बोलायची, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आपल्या बायकोबद्दल काही नवीन कळायचं उरलं असेल असं नियाजला वाटत नसे.

दोन हजार पाच-सहाची ती वर्षं. वऱ्हाडात कापसाला भाव नव्हता. पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव यायचं, आणि ते कशासाठी आलं हे पुढं वाचायची गरज पडत नसे. लग्नं घरच्या घरी उरकली जात होती, दिवाळीला नवे कपडे शिवणं लोकांनी सोडलं होतं. शिवणंच थांबलं तर मशीन बिघडणार कशी? नियाज दुकानात बसून जुन्याच मशीनींना पुन्हा पुन्हा तेल देत राहायचा.

अशात एक दिवस धारणीहून माणिकबाई दुकानात आल्या. मेळघाटातल्या गावांमध्ये बायांसाठी शिवणवर्ग चालवणाऱ्या एका संस्थेचं काम त्या पाहायच्या. कोणीतरी त्या गावांना शिलाई मशीन वाटल्या होत्या, आणि अर्ध्या तर पहिल्या महिन्यातच अडकून बसल्या होत्या.

"मशीन तुमी सुधरवाल, भाऊ," माणिकबाई म्हणाल्या. "पण बायांले अजून सरळ शिलाई घालता येत नाही. त्याचं काय करता?"

नियाजनं डोकं खाजवलं. दुकानामागेच घर होतं. मधल्या पडद्याआडून आवाज आला, "मी येते शिकवाले."

नियाजनं वळून पडद्याकडे पाहिलं. शहाजादीनं पडदा बाजूला केला होता आणि ती माणिकबाईंकडे पाहत होती, जणू नवऱ्याला विचारायचं राहूनच गेलं.

धारणीपर्यंत एसटी होती, जीपही मिळाली असती. पण मशीन होत्या आतल्या गावांत, जिथं दिवसाकाठी एखादी जीप गेली तर गेली. तेव्हा गाडीच न्यायची ठरली. नियाजचा थोरला भाऊ फुरकान याला हे काही पटेना. तो दारात उभा राहून गाडीकडे पाहत म्हणाला, "ही डबलसीट घाट चढन का? तुयं वजन पाय, त्या पेटीचं पाय. बकरीवर हत्ती बसवून राहिला तू."

"हळूहळू चढन," नियाज म्हणाला.

नोव्हेंबरची सकाळ होती. अवजारांची पेटी मागच्या कॅरिअरला बांधली, शहाजादीनं बुरख्याचा घेर चाकात जाऊ नये म्हणून पिना लावून आवळला, आणि ते निघाले. अकोट सुटलं तसा दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर, मधून सरळ रस्ता. सपाटीवर गाडी अशी सुरेख चालत होती की नियाजनं गुणगुणायला सुरुवात केली. मोठ्या गाडीवर वारा कानात शिरतो आणि दुसरं काही ऐकू येत नाही. या गाडीवर कापूस वेचणाऱ्या बायांचं बोलणं कानी पडत होतं, तुरीच्या फुलांचा वास येत होता, बांधावरचा माणूस हात वर करायचा आणि त्याचं तोंड नीट दिसेपर्यंत वेळ मिळायचा. समोर सातपुडा. घराच्या गच्चीवरून शहाजादीनं तो कायम एका निळ्या रेघेसारखा पाहिला होता. आता ती रेघ जाड होत होती, हिरवी होत होती, तिच्यात झाडं दिसायला लागली होती.

"हे सगळं चढाचं हाय?" तिनं मागून विचारलं.

"हाव."

तिनं त्याच्या खांद्यावरची पकड घट्ट केली.

पोपटखेड मागं पडलं आणि रस्ता वर उचलला. गाडीचा आवाज जाड झाला. नियाजनं गिअर उतरवला, मग अजून एक उतरवला. पहिल्या वळणावर गाडी माणसाच्या चालीवर आली, दुसऱ्यावर थरथरली आणि गप झाली. शहाजादी उतरली. ठरलं असं की नियाजनं एकट्यानं पुढच्या वळणापर्यंत गाडी न्यायची आणि तिनं पायी मागून यायचं. तसं थोडा वेळ चाललं. पण चढ जसा वाढला तसा गाडीला एकटा नियाजही पेलेना. इंजिन तापून करपल्यासारखा वास येऊ लागला. त्यानं गाडी सावलीत लावली, इंजिन गार होऊ दिलं, प्लग काढून घासला, परत निघाला. पुढच्या वळणावर गाडी पुन्हा थांबली. प्रवाशांनी भरलेली एक जीप हॉर्न देत बाजूनं निघून गेली आणि तिच्यातली माणसं माना वळवून पाहत राहिली.

शहाजादी घामाघूम होऊन वर आली तेव्हा नियाज गाडीला खांदा लावून ढकलत होता.

"उतार धरू आता," तो म्हणाला. "फुरकानभाई खरं बोलत होता."

ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. गाडीकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं, नवऱ्याच्या पोटाकडे पाहिलं.

"मी चालवते," ती म्हणाली.

"तू?"

"तुमी पायी या. माह्या वजनाची तिले खबरही लागणार नाही."

"अवं, ही काय सायकल हाय?"

"सायकल तं येते मले. बाळापूरले नदीच्या काठानं भावाची सायकल घेऊन फिरत होती मी. अब्बांनी पाह्यलं तवा बंद झालं."

नियाजला ही गोष्ट आज कळत होती. त्याला हसू आलं, आणि मग हसू गेलं, कारण ती उठून गाडीवर बसलीसुद्धा होती. बुरख्याचा घेर गोळा करून तिनं मांडीखाली दाबला. मशीनवर बसताना पाठ जशी सरळ व्हायची तशीच आताही झाली. नियाजनं तिला मुठी दाखवल्या. हा क्लच, हे पेट्रोल, हा ब्रेक. पहिला गिअर मीच टाकून देतो, तो बदलायचा नाही. थांबायचं झालं तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबायचे.

"अन् वरतं कोणी नसलं तं?" त्यानं विचारलं.

"तं मी तुमची वाट पायते."

त्यानं किक मारली, मागून धक्का दिला. गाडी एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे, आणि सरळ झाली. नियाज हात पुढं केलेला तसाच उभा राहिला. जी गाडी त्याच्याखाली कण्हत होती तीच आता त्या काडीसारख्या बाईला आणि त्या पेटीला घेऊन तुरुतुरू चढत होती. काळा बुरखा वळणावर एकदा दिसला, झाडांमागे गेला, वरच्या वळणावर पुन्हा दिसला. मग फक्त आवाज उरला. आणि थोड्या वेळानं आवाजही उरला नाही.

नियाज चालू लागला. सागाच्या जंगलात इतकी शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती. वाळलेलं पान पडलं तरी कोणी चालल्यासारखं वाटायचं. आधी त्याला वाघाची भीती वाटली, मग गाडी दरीत गेली असेल अशी, आणि मग एक तिसरीच भीती, जिला त्याला नाव देता येईना. ती बाई, जी त्याला न विचारता दळणालाही गेली नव्हती, ती आत्ता त्याच्या पुढं, त्याच्या हाताबाहेर, एकटी डोंगर चढत होती. त्याला राग यायला हवा होता. पण प्रत्येक वळणावर पोचल्यावर ती तिथं नाही हे पाहून त्याची छाती भरून येत होती. हेही चढली, तो मनाशी म्हणायचा. हेही चढली.

घाटमाथ्यावर पोचला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी, इंजिन बंद, आणि शहाजादी तिच्यावर तशीच बसलेली. तो हाक मारणार तेवढ्यात तिनं मान न वळवता एक हात मागं केला. थांबा.

तिच्या समोर रानगवा उभा होता. नियाजनं जनावरं कमी पाहिली नव्हती, अकोटच्या बाजारात तर एकाहून एक बैल यायचे. पण हा बैल नव्हता. डोंगराचाच एक तुकडा सुटून रस्त्यावर आल्यासारखा तो दिसत होता, काळाशार, खांद्यावर मोठा उंचवटा. तो त्या छोट्या गाडीकडे आणि तिच्यावरच्या बाईकडे शांतपणे पाहत होता. शहाजादीही पाहत होती. नियाजला हलता येईना. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्या जनावरानं एक श्वास सोडला, तो इथवर ऐकू आला, आणि ते झाडीत शिरून गेलं. एवढा देह, पण फांदी मोडल्याचा आवाज झाला नाही.

"एवढा मोठा जीव," शहाजादी हळूच म्हणाली, "अन् पाय पांढरे. मोजे घातल्यावानी."

"भेव नाही लागलं तुले?"

"लागलं ना. पण मंग वाटलं, एवढी दूर आली मी. पाहून तं घेऊ."

तिनं नकाब वर केला तेव्हा तिचं तोंड नियाजला ओळखू येईना, इतकं ते उजळलं होतं. मागं वळून दोघांनी खाली पाहिलं. सारं वऱ्हाड पायाशी पसरलं होतं, काळ्या मातीचे आणि हिरवे तुकडे, मधून पुसटसे रस्ते. जे दुःख रोज पेपरात छापून यायचं ते सगळं त्या तुकड्यांमध्ये होतं, आणि तरी वरून ती जमीन किती सुंदर दिसत होती.

पुढं खटकालीपासून हरिसालपर्यंत सपाटीला तो चालवायचा, चढाला ती. धारणीत पोचल्यावर माणिकबाईंनी दोघांची राहायची सोय केली. त्यानं मशीन सुधरवल्या, तिनं तिथल्या कोरकू आदिवासी बायांना काज करायला, बाही बसवायला शिकवलं. आधी नियाज तिला गावोगाव सोडायचा. दुसऱ्या आठवड्यात तो एका गावात मशीन उघडून बसला असताना ती गाडी घेऊन पुढच्या गावाला परस्पर निघून गेली.

अकोटला परतल्यावर फुरकान चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी आला आणि म्हणाला, "लोक काय म्हणतीन, नियाज?"

"म्हणतीन, घाट चढली."

गाडी मग दोघांची झाली, आणि खरं सांगायचं तर जास्त तिचीच. भाड्याला पैसे नाहीत म्हणून खेड्यातल्या बाया अकोटला येईनाशा झाल्या होत्या, तर शहाजादीच त्यांच्याकडे जाऊ लागली. जुन्या लुगड्यांचे लहान पोरींसाठी फ्रॉक, जुन्या धोतरांच्या गोधडीच्या खोळी, जे काही त्या दिवसांत शिवलं जात होतं ते ती शिवायला शिकवायची. ज्या घरातला कर्ता माणूस गेला होता अशा घरीही ती जायची, आशाबाई म्हणून एक होती तिच्याकडे तर नेमानं, आणि शिवण शिकवायच्या आधी बराच वेळ नुसती बसायची.

पावसाळ्यात गाडीची हद्द कळायची. काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी गच्च बसायची की चाक फिरायचंच थांबायचं. पहिल्या वर्षी ती तुराटीच्या वाळक्या काडीनं चिखल कोरत कोरत, अर्ध्या अर्ध्या शेतावर थांबत घरी आली. दुसऱ्या वर्षी तिनं पुढचं मडगार्डच काढून टाकलं आणि तोंडावर चिखलाचे शिंतोडे घेऊन फिरली. उलटा वारा असला की गाडी रडायची. हायवेवर ट्रक गेला की बाजूला ढकलली जायची. फुरकानच्या पोरानं नवी मोठी गाडी घेतली तेव्हा शहाजादी ती एकदा चालवून आली, आणि चावी परत देत म्हणाली, "चांगली हाय. पण निघाली की पोचलीच. मधातलं काही दिसत नाही."

तीन-चार वर्षांनी ईदला ते दोघं बाळापूरला निघाले. ती पुढं, तो मागं, मांडीवर मिठाईचा डबा. गांधीग्रामजवळ पूर्णेच्या पुलावर तिनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"काय झालं?" नियाजनं विचारलं.

"काही नाही. मी इथं थांबते नेहमी."

या पुलावरून एसटीनं, ट्रकनं तो उभा जन्म ये-जा करत आला होता. तो उतरला, कठड्याशी गेला. खाली पूर्णा संथ वाहत होती, वाळूत टरबुजांचे वेल पसरले होते, आणि पाण्याच्या अगदी वरून पक्ष्यांची एक लांब रांग आवाज न करता उगमाकडे चालली होती. नियाज ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला. शहाजादी गाडीवर बसून होती, तिला घाई नव्हती.