सांवेर रोडवरचे रिकामे पेले

चाळीस वर्षे मी विद्यार्थ्यांना नोंद कशी करावी हे शिकवले. निवृत्तीनंतर मी स्वतः एक खोटी नोंद करवली.

विद्यापीठाने शाळकरी मुलांना परिसरशास्त्राचे प्रत्यक्ष काम दाखवण्याचा उपक्रम सुरू केला आणि सांवेर रोडवरची एक शाळा माझ्या वाट्याला आली. शाळेमागे, एका कारखान्याच्या भिंतीलगत, मोकळी जमीन होती. तेथे मी भेटीच्या आदल्या संध्याकाळी प्लास्टिकचे आठ पेले तोंडापर्यंत मातीत पुरले. जमिनीवर फिरणारे किडे त्यांत पडतात. सकाळी ते मोजायचे. सकाळी मी मुलांच्या आधी पोहोचलो. आठही पेले रिकामे होते.

पिशवीत सिमरोलच्या शेतातून आणलेले भुंगेरे होते, केवळ दाखवण्यासाठी. मुख्याध्यापक आणि नववीचा वर्ग अर्ध्या तासात येणार होता. मी ते भुंगेरे चार पेल्यांत सोडले.

मुले खूश झाली. "भिया, याच्या मिशा बघ, एकदम हेडसर!" कोणीतरी शेजारच्या मुलाच्या कानात कुजबुजले. एक मुलगी मात्र जमिनीवर पालथी पडून मोजत होती आणि वहीत लिहीत होती.

पुढे दर शनिवारी ती एकटीच त्या जागी पेले पुरू लागली. मी पुन्हा शाळेत गेलो तेव्हा तिने मला जिन्यात गाठले.

"सर, सहा हफ्ते झाले, एक पण कीडा नाही आला. सगळे मला डब्बेवाली म्हणतात. माझं काय गलत होतंय?"

तेव्हाच सांगता आले असते. मी म्हणालो, "पेल्याची कड मातीच्या वर राहत असेल. नीट पुरत जा."

"जी सर."

ती जमीन ओस का होती, हाच तेथला खरा प्रश्न होता. सांडपाणी असेल, फवारणी असेल. मला ठाऊक नाही. तिचे प्रत्येक शून्य त्या प्रश्नाकडे नेणारे होते. मी त्याला तिची चूक ठरवले.

हे सांगायला मला आणखी दोन महिने लागले. वर्गासमोर उभा राहून मी जे घडले ते सांगितले.

"मतलब किडे सरांच्या पिशवीतून आले होते?" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग हसला. ती उठून उभी राहिली.

"मग माझे झीरो बरोबर होते?"

"होते. वही घेऊन ये."

"वही नाहीये, सर. मला वाटलं सगळं चुकलंय. फाडून टाकली."

मी वहीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"अंदाजाने लिहून देऊ?" तिने विचारले. मला मदत करावी, अशा स्वरात.

"नाही," मी म्हणालो.

ती खाली बसली आणि तिने पुढच्या तासाचे पुस्तक काढले.