आबांची अमेरिका

जळगाव शहर अमेरिकेतल्या गुलामांनी वसवलं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच होता, आणि तो नेमका माझ्या नणंदेचा सासरा निघाला! रस्त्यात भेटलेल्या माणसाला ‘बरं बरं’ म्हणून कटवता येतं. लेकीच्या सासऱ्याला कसं कटवणार? त्याला पाटावर बसवायचं, तूप वाढायचं आणि तो बोलेल ते माना डोलवत ऐकायचं. आमच्या असोद्याच्या घरात माझ्या सासऱ्यांनी, दिरांनी, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनीसुद्धा केवळ लेकीचा संसार सुखाचा व्हावा म्हणून अमेरिकेचा इतिहास ऐकला. मी मात्र हौसेनं ऐकला. तेव्हा मी पंचविशीची होते, मॅट्रिक पास होते, आणि त्या पासाचा ताठा एवढा की भाकरी थापतानाही मान खाली जात नसे.

आबांनी जन्मभर जळगावच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडरचं काम केलं. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायची आणि धागा किती लांब, किती चिवट ते डोळ्यांनी सांगायचं. नोकरी सुटली, पण बोटं काही निवृत्त झाली नाहीत. आबा ज्या गादीवर बसत, तिच्या शिवणीतून कापूस बाहेर निघालाच म्हणून समजा. एका लग्नात नवरदेवाच्या पाठीमागचा लोड त्यांनी बोलता बोलता एवढा उसवला की अक्षतांच्या वेळी नवरदेव एकदम मागे कलंडला. आमच्या सत्यनारायणाला गुरुजी समईत वात शोधताहेत आणि ती आबांच्या हातात, निम्मी पिंजलेली! “आखूड धागा,” आबा गुरुजींना म्हणाले, “आणि वेचला कुणी, ठाऊक आहे?” गुरुजी बिचारे म्हणाले, “दुकानातून आणल्या हो.”

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. कापूस दिसला की ‘हा वेचला कुणी?’ आणि तिथून दोन मिनिटांत स्वारी अमेरिकेत. काय सांगायचे हो! आवाज चढायचा, टोपी तिरकी व्हायची, हात असे फिरायचे की चहाचे कप आम्ही आधीच लांब सरकवून ठेवायचो. “पोरी, विलायतेच्या गिरण्या कशावर चालायच्या? गुलामांनी वेचलेल्या कापसावर! माणूस विकत घ्यायचा, त्याची बायको विकत घ्यायची, पोरं तर घरचीच पैदास! पुढे तिकडे लढाई पेटली, बोटी अडल्या, गिरण्या उपाशी. मग त्या साहेबाला आठवण कुणाची झाली? आपल्या काळ्या मातीची! रेल्वे आली होतीच. जिन आले, प्रेस आले, गाठींवर गाठी. हे जळगाव उभं राहिलं ते त्यांच्या सुटकेच्या लढाईवर. आणि इथे एकाला तरी त्यांची आठवण आहे का?” असं म्हणून ते माझ्या सासऱ्यांकडे रोखून बघायचे, जणू ती सगळी माणसं सासऱ्यांनीच विसरून टाकली होती.

साखरेचंही तेच. ऊस लावायलाही माणसं जहाजात कोंबून नेली होती, हे कुठेतरी वाचल्यापासून आबा चहा गुळाचा घेत; गूळही उसाचाच, हे त्यांना कोण सांगणार! मी म्हटलं, “आबा, ही साखर आपल्याकडच्या कारखान्यातली आहे.” तर म्हणाले, “माहीत आहे गं. पण हात वळत नाही.” आणि गुलाम सुटल्यावर पुढे काय झालं, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज एकदम उतरायचा. “सुटले म्हणजे काय, तर साखळी सुटली. जमीन मालकाचीच राहिली. मग त्याच शेतात, त्याच कपाशीत, वाट्यानं राबायला गेले. नातवंडंसुद्धा तिथंच.” हे ऐकून मी पदरानं डोळे पुसायचे आणि पुसता पुसता गोठ्याकडे तोंड करून ओरडायचे, “मथुरा! शेण उचललं का गं?” खोटं कशाला सांगू? अगदी असंच व्हायचं.

मथुरा म्हणजे आमच्या सखाराम सालदाराची बायको. सालदार वर्षाच्या बोलीनं शेतात राहतो आणि आमच्याकडे ही बोली ठरते आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. त्या दिवशी जुनं साल संपतं, नवं लागतं. बोली सखारामशी व्हायची, पण झाडलोट, शेणपाणी, दूध हे सगळं मथुरेनं करायचं हे कुणी न बोलताच ठरलेलं. आणि आखाजी म्हणजे तर लेकींचा सण! सासुरवाशिणी माहेरी येणार, झाडाला झोके बांधणार, सांजोऱ्या खाणार. आमच्या घरी चार नणंदा मुलांसकट उतरायच्या, आणि मी पेटी भरून माझ्या माहेरी, सोनगीरला पळायचे. मथुरेचं माहेर सोनगीरहून तासाभराच्या चालीवर. पण लेकींनी भरलेलं घर आणि गोठा सोडून ती जाणार कशी? सात आखाज्या ती गेली नव्हती. दर वर्षी मला मोटारीपर्यंत पोचवायला यायची आणि म्हणायची, “वहिनी, मायले सांगा, मी बेस शे.”

ती माय सोनगीरच्या स्टँडवर येऊन बसलेली असायची. मी उतरले की माझ्याकडे बघायची, मग माझ्या मागे मोटारीच्या दाराकडे बघत राहायची, शेवटचा माणूस उतरेपर्यंत. आणि मी बावळट! मला वाटायचं, म्हातारीचा माझ्यावर केवढा जीव, एवढ्या उन्हात मला घ्यायला येते. माहेरी कौतुकानं सांगायचे सुद्धा. एका वर्षी तिनं माझा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत चाचपला आणि विचारलं, “मथुरी?” डोळे गेले होते. मी म्हटलं, “नाही माय, मी.” ती म्हणाली, “हां. पुढला साल यी ती.” मी सांजोऱ्यांचा पुडा तिच्या हातात ठेवला आणि आपण किती चांगल्या, असं वाटून घेत टांग्यात बसले.

त्याच्या पुढच्या वर्षी, आखाजीला महिना राहिला असताना, आमच्या महिला मंडळात मी भाषण ठोकलं. विषय गुलामगिरी, अध्यक्ष आबा! मारुतीच्या पारावर माईक, पन्नास बाया, पुढच्या ओळीत सासूबाई. मी अशी काही बोलले की विचारू नका. जहाजं आणली, साखळ्या वाजवल्या, आईपासून तोडलेल्या लेकीपाशी आले आणि पदर डोळ्यांना लावला. बाया मुसमुसल्या. मागून मथुरा चहाचा ट्रे फिरवत होती.

आबा उठले. मला वाटलं, आता माझं कौतुक. पण ते मथुरेकडे बघत होते. कप घेताना त्यांनी विचारलं, आणि माईक चालूच होता, “मथुराबाई, सखारामचं साल आखाजीला ठरतं. तुमचं कधी ठरतं?”

मथुरा हसली. “मनं काय ठरावानं, आबा? बैलना संगे दोर येस, तशी मी येस.”

बाया हसल्या. आबा हसले नाहीत. “आणि ठरवायचं झालं तर काय मागाल?”

तिनं ट्रे खाली ठेवला. “माले आखाजीले मायना घर जानं शे. तिले आते दिसत नही.”

स्टँडवरची म्हातारी कुणाची वाट बघत होती, ते मला त्या क्षणी कळलं. मॅट्रिक पास!

सासूबाई म्हणाल्या, “आबा, तुम्ही म्हणता ते खरं, पण चार लेकी येणार, त्यांची लेकरं येणार. गोठा कोण बघेल?”

“मी,” कुणीतरी म्हणालं. आवाज माईकमधून आला होता, म्हणजे मीच.

मग काय ती आखाजी! मथुरा पहाटेच्या मोटारीनं गेली आणि मी गोठ्यात शिरले. म्हशीनं पहिल्या पाच मिनिटांत मला ओळख दाखवली: बादली एकीकडे, मी दुसरीकडे, दूध तिसरीकडे. मी शेणात बसकण मारली तेव्हा झोक्यावरच्या नणंदांनी माझ्यावर तिथल्या तिथे गाणं रचलं. आणि नऊच्या मोटारीनं आबा हजर! “मी मदतीला आलोय,” म्हणाले, खराटा हातात घेतला आणि त्यावर हनुवटी टेकून दुपारपर्यंत अमेरिकेवर बोलले. एक काडी झाडली नाही. मधेच थांबून एवढंच म्हणाले, “सात वर्षं या घरात जेवतोय मी. कापसाचं विचारत राहिलो, शेणाचं विचारायचं राहूनच गेलं.” त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी सखारामची बोली केली, आणि आबा शेजारी बसून असल्यामुळे म्हणा किंवा माझी दशा बघून म्हणा, मथुरेच्या कामाची बोली वेगळी झाली. आखाजीचे चार दिवस सुटी, हे त्यात पहिलं.

चौथ्या दिवशी मथुरा परतली. मी धावतच गेले. “काय म्हणाली माय?”

“रातभर मना तोंडवरथीन हात काढा नही,” मथुरा म्हणाली. मग हसून, “आनी इचारे, ती सांजोरीवाली पोर का बरं उनी नही?” म्हणजे मी का आले नाही!

पुढे वयाच्या नव्वदीच्या सुमारास आबा अंथरुणाला खिळले. जळगावला त्यांच्याकडे गेले की अमेरिका थोडी व्हायची, मग दम लागायचा. मथुरेची माय गेली त्याच्या पुढच्या आखाजीनंतर मी त्यांना भेटले. “मथुरा गेली होती?” त्यांनी विचारलं. म्हटलं, “गेली होती, आबा.” ते गोंधळले. “आता माय नाही तिची. घर बंद असेल. मग कशाला?”

“मीही तेच विचारलं,” मी म्हणाले. “तर म्हणाली, जाता येस, म्हनीसन जास.”

आबांची बोटं चादरीच्या सुतावर फिरत होती, ती थांबली. मला वाटलं, आता टोपी शोधतील, उठून बसतील, जहाजं निघतील. पण ते एवढंच म्हणाले, “पोरी, काय म्हणाली ती? पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं, “जाता येतं, म्हणून जाते.”