मोठ्या सरांची गैरहजेरी

गैरहजर मुलांना आमच्या मोठ्या सरांइतका जीव लावणारा मुख्याध्यापक अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. 'मोठे' ते फक्त हुद्द्यानं; उंचीनं सातवीच्या मुलींच्या रांगेत सहज लपले असते. समोर बसलेली पोरं त्यांना दिसतात की नाही, अशी मला शंकाच होती. वर्गात आले की नजर थेट रिकाम्या जागेवर. हजेरीपटावर सगळीकडे न आलेल्या मुलापुढे 'गै' लिहितात, पण सरांना त्या 'गै'चा भयंकर राग. "बाई, आलं नाही हे मलाही दिसतं. का आलं नाही ते लिहा," असं म्हणून त्यांनी एक जाडजूड वही शिवून घेतली आणि स्वतःची वेगळी बाराखडी केली. बाजाराला गेलं तर 'बा', पाणी भरायला थांबलं तर 'पा', धाकटं भावंड सांभाळत असेल तर 'धा' आणि कांदे काढायला गेलं तर 'कां'. आमची शाळा विंचूरच्या जवळ, ऐन कांद्याच्या पट्ट्यात, त्यामुळे उन्हाळा लागता लागता पानंच्या पानं 'कां'नी भरायची.

एका वर्षी शाळेच्या विकास आराखड्याला त्यांनी त्या पानांच्या नकला जोडल्या. वरच्या कार्यालयात कुणीतरी 'कां' म्हणजे कांजिण्या असं वाचलं, आणि आठवड्याच्या आत आरोग्य खात्याची गाडी शाळेच्या दारात! डॉक्टरबाई हजर असलेल्या चार पोरांचे सदरे वर करून पुरळ शोधतायत, आणि फाटकाशी उभी असलेली एक आई ओरडतेय, "अंगावर काय नाय ओ बाई, वावरात हायेत समदी!" सरांनी डॉक्टरबाईंना वावरात नेऊन सगळे रुग्ण दाखवले. जाताना त्यांच्या गाडीत कांदे होते. पण त्या वर्षीपासून काढणीच्या दिवसांत आमची शाळा भल्या सकाळी भरू लागली, पोरं शाळा करून मग वावरात जाऊ लागली, आणि 'कां' निम्म्यावर आले.

सरासरी या शब्दाशी तर त्यांचं हाडवैर होतं. बैठकीत कुणी वर्गाची सरासरी सांगितली की ते शांतपणे विचारत, "ती कुठल्या बाकावर बसते?" मग त्या दिवशी शाळा सुटली की कुणाच्या तरी घरी जायचंच. एवढासा माणूस, पण चालायचा असा, की साडी सावरत, धापा टाकत मी कायम दोन पावलं मागे.

असंच एकदा सातवीतल्या एका मुलीच्या मळ्यात गेलो. वहीत तिच्या नावापुढे ओळभर नुसते 'धा'. तिचे वडील म्हणाले, "पोरगी लय हुशार हाय सर, पण लहान्याला कोण बघंल? आमी दोघंबी वावरात. आता घरीच बसवतो तिला." सरांनी त्या वर्षीच्या विकास आराखड्यात संगणक आणि रंगरंगोटी यांच्याही वर, पहिल्या क्रमांकाला लिहिलं: 'एक झोळी'. शाळेच्या समितीत हशा पिकला. मीही हसले होते, त्याची आज लाज वाटते. सरांनी मंजुरीची वाट पाहिली नाही. घरातली जुनी साडी आणून व्हरांड्यात झोळी बांधली, आणि ती मुलगी भावाला कडेवर घेऊन परत शाळेत आली. झोका द्यायचं काम सरांचं. पाढे म्हणत द्यायचे. ते बाळ 'आई' म्हणायच्या आधी 'बे' म्हणालं, असं ते छातीठोकपणे सांगत. मुलगी आता नाशिकला कॉलेजात आहे.

सर निवृत्त होऊन नाशिकला द्वारका चौकाजवळ मुलाकडे राहायला गेले. त्यांच्या खुर्चीत आता मी बसते. हजेरी मोबाइलवर असते; हजर किंवा गैरहजर, बोट लावलं की झालं. रंगीत आलेख आपोआप निघतात, आराखडा तासाभरात भरून होतो. सरांच्या वहीत इतका नीटनेटकेपणा कधीच नव्हता, आणि तरी मला त्या वहीची, त्यांच्या शाईनं माखलेल्या बोटांची फार फार आठवण येते.

गेल्या आठवड्यात आराखडा भरता भरता त्यांना फोन लावला. मी 'कसे आहात' विचारायच्या आतच पलीकडून आलं, "आज कोण नाही?"

"पाचवीतली एक मुलगी, सर. दहा दिवस झाले."

"कारण?"

समोरच्या पडद्यावर दहा वेळा नुसतं 'गैरहजर' होतं.

"मग आराखडा कशाचा लिहिताय, बाई?" ते रागावले नव्हते, आवाज थकला होता. मागे चौकातले हॉर्न वाजत होते. मग म्हणाले, "मी आलो असतो हो. गुडघे नाही म्हणतात."

मी संगणक बंद केला, कपाटातली जुनी वही पिशवीत घातली आणि त्या मुलीच्या मळ्याकडे निघाले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं, की मी साडी सावरत, धापा टाकत चालले आहे, आणि माझ्या पुढे दोन पावलांची जागा मोकळी सोडली आहे.