पेन्सिलीतली दुखणी

वकिलातीच्या तळमजल्यावर, व्हिसाच्या रांगेपलीकडे, दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि तिथल्या नर्सला सगळे पेन्सिलताई म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, तिलाही त्याचं काही वाटत नसे. साहेबलोक येत, दोन-तीन वर्षं राहत आणि खोकी बांधून दुसऱ्या देशात जात. ताई मात्र तिथेच. कुणाचा रक्तदाब कुठल्या मेजवानीनंतर चढतो आणि कुणाच्या पोराचं पोट नेमकं परीक्षेच्या दिवशी दुखतं, हे तिला तोंडपाठ होतं.

नावामागचं कारण साधं. पुढची नेमणूक हवी तर प्रकृती ठणठणीत असल्याचा मुख्यालयाचा शेरा लागे. त्यामुळे माणसं सर्दी-पडसं खुशाल सांगत आणि खरं दुखणं सांगताना मात्र दार लोटून घेत. "ताई, हे एवढं लिहू नका हं." पण न लिहून कसं चालेल? उद्या ताई रजेवर असली आणि दुसऱ्या कुणी भलतंच औषध दिलं तर? मग ती ते पेन्सिलीने लिही आणि बदलीच्या वेळी खोडरबर फिरवून फाइल त्या माणसाच्या हातात देई. झाकली मूठ सव्वा लाखाची! यात आपण कुणाचं वाईट करतो, असं तिच्या मनाला कधी शिवलंही नाही.

मग संगणक आला. सगळ्या वकिलातींचे दवाखाने एकमेकांना जोडले गेले. आता माणसाच्या आधी त्याची दुखणी पुढच्या देशात पोचणार होती. शिकवायला आलेला गृहस्थ इतक्या घाईत होता, की त्याची पाठ वळेपर्यंत ताईला फक्त कॉफीचं यंत्र कुठे ठेवायचं ते कळलं. पण बाई चिवट. टायपिंग जमलं, बटणांवरची चित्रं ओळखू आली. अडलं ते पेन्सिलीपाशी. एकदा पडद्याच्या कोपऱ्यात तिला 'ड्राफ्ट' असं बटण दिसलं. ड्राफ्ट म्हणजे कच्चं. म्हणजे आपली पेन्सिलच की! तिने हे जेवताना नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"यंत्राला तुझ्यासारखं पोटात ठेवता येतं का, ते बघ आधी," नवरा म्हणाला.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!"

पहिला ड्राफ्ट झाला धाकट्या सेक्रेटरीबाईंचा. ही पोर लस घ्यायला म्हणून दवाखान्यात आली होती आणि खुर्चीतच तिला फिट आली. ताईने तिला कुशीवर वळवलं, शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसून राहिली, नंतर मोठ्या डॉक्टरांकडेही घेऊन गेली. पोरीने ही गोष्ट घरी आईलासुद्धा सांगितली नाही. दूरच्या एका बेटावरच्या छोट्या कचेरीची प्रमुख म्हणून तिची निवड झाली होती. तिथून धड इस्पितळ गाठायचं तर विमानच पकडावं लागणार होतं.

"हे कळलं ना ताई, तर जन्मभर मला टेबलाला बांधून ठेवतील."

"माझ्याकडून कुणाला कळायचं नाही," ताईने शब्द दिला होता.

आठवडाभरात मुख्यालयातल्या डॉक्टरांचा फोन आला. नोंद वाचली, नेमणूक थांबवतोय, सहा महिने औषध आणि मग पुन्हा तपासणी.

"अहो, पण तो ड्राफ्ट होता!"

"बाई, ड्राफ्ट म्हणजे अपुरी नोंद. अपुऱ्या नोंदी तर आम्ही सगळ्यात आधी बघतो."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. पोरीला वरून पत्र येणारच होतं, ताई तोंड मिटून बसली असती तरी चाललं असतं. पण ते तिला जमेना. जिने चढून ती पोरीच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून मोकळी झाली.

"मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं," पोर म्हणाली.

"हो. आणि माझ्याच हातून ते गेलं."

"जा तुम्ही."

ताई दारापर्यंत गेली. तिला रडू येत होतं आणि आपल्याला रडायचा हक्क नाही, हेही कळत होतं.

"थांबा." पोर खिडकीकडे बघत होती. "हल्ली मी बाथरूमची कडी लावत नाही. त्या बेटावर एकटी असताना फिट आली तर काय, याचीच भीती वाटत होती. तरी जायचं होतं मला. अजूनही जायचंय."

"सहा महिन्यांनी जाशील."

"आणि आईला काय सांगू? तिने सगळ्या गल्लीला पेढ्यासारखी बातमी वाटलीय."

"खरं सांग. मी बसते इथे."

पोरीने फोन लावला आणि समोर टेबलावर ठेवला. बोलताना दोनदा अडखळली, पण सगळं बोलली.

"आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय गं." आवाज अगदी बारीक झाला होता. "मलाही येतात. तू बालवाडीत होतीस तेव्हापासून. तू घाबरशील म्हणून कधी बोलले नाही."

पोरीने फोन उचलून जवळ घेतला.

"आंघोळीला जाताना मी तुला दाराबाहेर पाढे म्हणायला बसवायचे, आठवतं? प्रत्येक ओळीनंतर मी आतून 'पुढे' म्हणायचे. 'पुढे' ऐकू आलं नाही, तर शेजारच्या काकूंना हाक मार, असं सांगून ठेवलं होतं तुला."

"आठवतं," पोर म्हणाली. "मला वाटायचं, पाढे पाठ व्हावेत म्हणून."

"तेही झालेच की," आई म्हणाली आणि रडू लागली.