पाटाचं बास

जगात माणसं दोन तऱ्हेची. लाकूड दिसलं की जळण आठवतं ती एक, म्हणजे मी धरून तुम्ही आम्ही सगळी. आणि लाकूड दिसलं की त्याला टिचकी मारून कान लावणारी दुसरी. ह्या दुसऱ्या तऱ्हेचा माणूस मी अख्ख्या पुण्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. माझ्या लेकीचे सासरे हो. विश्रांतवाडीला राहायचे, सरकारी कचेरीत कारकून होते. दिसायला अगदी साधा माणूस, पांढरा शर्ट, खिशाला पेन. पण त्या पेनाशेजारी कायम एक बारकी कानस असायची. कचेरीत साहेबाच्या टेबलालासुद्धा टिचकी मारून "हे सागवान नाही, फसवलंय तुम्हाला," असं सांगून आले होते. बढती त्यापायीच राहिली, असं माझी विहीण सांगते. कुणाचं दार वाजवलं तर ते उघडावं म्हणून वाजवलं असं समजू नका. आत कोण राहतं ह्यापेक्षा दार कशाचं आहे ह्यात त्यांचा जीव. आतल्या माणसानं दार उघडलं की उलटे त्यालाच म्हणायचे, "थांबा हो जरा, ऐकतोय."

हे सगळं कशापायी, तर बास गिटारीपायी. मला अडाणी बाईला काय कळणार, पण पुढं इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं. साध्या गिटारीला सहा तारा, हिला चारच, पण जाड, वाळत घालायच्या दोरीसारख्या. आवाज ढगासारखा, खालचा. लांब मान, तिच्यावर हातात काकणं भरावीत तशा पितळी पट्ट्या. ह्यांना ती विकत घ्यायची नव्हती, स्वतः करायची होती. आणि केली की मोडायची होती, कारण पुढची जास्त चांगली होणार. ह्या बासच्या नादाचे आणखी दोघं होते. कर्वेनगरचे एक मास्तर आणि लष्कर भागातला एक सायकलवाला चाचा. तिघं दर रविवारी जमायचे आणि तारांचा आवाज पकडणारा लोहचुंबक अंगठाभर इकडं बसवायचा का तिकडं, ह्यावर सकाळपासून जेवणापर्यंत भांडायचे. मास्तर म्हणायचे, "अहो, बेस म्हणायचं असतं ते." व्याही म्हणायचे, "तुम्ही म्हणा. आम्ही बासच म्हणणार." आणि ह्या एका शब्दानं माझ्या लेकीचं लग्न मोडायला आलं होतं.

झालं असं, की ते सगळे मुलगी बघायला आमच्याकडं आले. आमची एकच खोली. मोठा मान म्हणून मी त्यांना बसायला पाट दिला. शिसवीचा पाट, चार कोपऱ्यांना पितळी फुलं. तो माझ्या मालकांचा. मालक गेले तेव्हा लेक दोन वर्षांची होती. त्या पावसाळ्यात रॉकेल मिळंना, तेव्हा मी खाट फोडून चुलीत घातली, भिंतीतली फळी घातली, लेकीचा पाळणा घातला. पाट नाही घातला. पितृपंधरवड्यात मालकांचं पान त्याच पाटापुढं मांडायचं असतं. पाटच गेला तर माणूस येऊन बसणार कुठं? एवढाच माझा हिशोब. तर व्याही त्या पाटावर बसलेच नाहीत. उचलला, उलटा केला, बोटानं वाजवला, कान लावला. लेक पोह्यांचं ताट घेऊन समोर उभी, आणि हे डोळे मिटून बसलेले. मी घाबरत विचारलं, "पसंत आहे का?"

"अप्रतिम!" डोळे मिटूनच म्हणाले. "वय काय असेल हो?"

"एकोणीस."

"छे छे! साठ तरी असेल."

लेकीनं ताट खालीच ठेवलं. माझा धाकटा भाऊ मांजरी गावाहून आला होता, ऊसवाला माणूस, घरातला पुरुष म्हणून बोलणी करायला बसलेला. त्यानं घसा साफ करून विचारलं, "बरं, देण्याघेण्याचं काय ते बोला पाव्हणं."

"काही नको हो आम्हाला," व्याही म्हणाले. "मला फक्त ह्याचं बास करायचंय."

"बास करायचंय?" भाऊ उठूनच उभा राहिला. "पोहं समोर आल्यावर बास? आरं, आमची पोर काय रस्त्यावर पडलीय व्हय? आक्का, उचल त्या बश्या!"

तेव्हा माझी विहीण बोलली. ती अस्सल पेठेतली, आवाज चढवायची नाही, दुधात लिंबू पिळावं तसं बोलायची. "अहो, मुलीचं नाही, पाटाचं चाललंय. ह्यांना पाटाचं गिटार करायचंय, त्याला बास म्हणतात. आधी सांगितलं नाही, म्हटलं मुलगा बिनलग्नाचा राहील." मग नवऱ्याकडं वळून, "आणि आपण जरा मुलीकडंही बघता का? आलोच आहोत तर."

मी म्हणलं, "मुलगी देते. पाट नाही देणार." त्यावर व्याही विचारात पडले. खरंच पडले हो! विहिणीनं कोपर मारलं तेव्हा कुठं "पसंत आहे" म्हणाले.

लग्न झालं आणि एकेक चाळे कळत गेले. मानेचं लाकूड वाकू नये म्हणून ते गादीखाली ठेवायचे आणि वर जड पाहुणा बसवायचे. माझा भाऊ अंगानं दांडगा. त्याला दर महिन्याला जेवायचं बोलावणं, आणि जेवल्यावर "पडा ना इथंच, आडवे व्हा." भाऊ सगळ्या मांजरीत सांगत हिंडला, "असं पाव्हणं मिळाया नशीब लागतं." त्याच्या पाठीखाली तीन माना होत्या हे त्याला चार वर्षांनी कळलं. कळल्यावरही जायचा थांबला नाही, वर विचारायचा, "सरळ झाली का नाय?" विहिणीचं शिलाईचं मशीन घेऊन त्याच्यावर लोहचुंबकाला तांब्याची तार गुंडाळायचे, केसापेक्षा बारीक, हजारो वेढे. मोजणी चुकू नये म्हणून तोंडानं आकडे चालू. त्या वेळी विहिणीनं काही विचारलं तर उत्तर आकड्यात. "भाजी काय आणू?" "दोन हजार एकशे चार." एकदा जाड तार मिळंना तर पोराच्या सायकलच्या ब्रेकची तार काढून लावली आणि सांगायला विसरले. जावई पहिल्या दिवाळसणाला आले ते आमच्या दारावरून हात करत पुढंच गेले. आम्हाला वाटलं, रुसले. पाच मिनिटांनी चालत परत आले, पायजम्याला चिखल, म्हणाले, "बाबांना काही बोलू नका."

जेवणाच्या पंगतीत तर ह्यांचे हालच. वाढणारी आमटी घेऊन समोर आली की हे शेजाऱ्याला सांगत असायचे, "बास..." की ती पुढं गेलीच. जिलबी आली, "बास..." तीही गेली. सगळं आयुष्य हा माणूस अर्धपोटी उठला आणि त्याला वाटायचं लोक वाढताना हात आखडतात.

आमच्याकडं मात्र सणावाराला न चुकता यायचे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावलं तर जावयाच्या मागं हे. आले की आधी कोपऱ्यात जाणार. "पाट बरा आहे ना, विहीणबाई? ओल लागू देऊ नका हं." माझी तब्येत नंतर. मी म्हणायचे, "बरा आहे. आणि देणार नाही." ते म्हणायचे, "मागतोय कोण?" आणि एक टिचकी मारून घ्यायचे.

आता माझं थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मालक गेल्यावर मी मसाला कुटायच्या डंकावर कामाला लागले. लोखंडी मुसळं दिवसभर वर-खाली, मिरचीचा खकाणा, बोलायचं तर खुणेनं. तीस वर्षं केलं. डोळ्यांचं पाणी मिरचीनं येतंय का दुसऱ्या कशानं, हे तिथं कुणी विचारत नाही, ती एक सोय होती. पण कान गेले. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग लेकीचा आवाज. डॉक्टर म्हणाले, वरचे आवाज गेले, आता येणार नाहीत. बरं, म्हणलं. लोक माझ्याशी ओरडून बोलायला लागले. ओरडलं की आवाज वर चढतो, मग तर काहीच कळंना. मी नुसती मान हलवायचे.

नातीच्या बारशाला विश्रांतवाडीला गेले होते. घर बायकांनी भरलेलं, सगळ्यांची तोंडं हलतायत, मी गॅलरीत एकटी. तेवढ्यात पायातून काहीतरी वर आलं. घूंऽऽ. मग जरा वर, मग आणखी वर, मग परत खाली. मांजर मांडीवर बसून घुरघुरावं तसं. आत बघते तर विहीण दाराशी उभी राहून हातवारे करतेय, ओठांवरून कळत होतं, "बास करा! बास!" मी उठून गेले. म्हणलं, "कशाला बास? छान वाजतंय की."

व्याही गिटार गळ्यात तशीच घेऊन बाहेर आले, मागं तारेला बांधलेलं जुन्या रेडिओचं खोकं फरफटत. "विहीणबाई, ऐकू आलं? तुम्हाला?"

"तुमचंच ऐकू येतंय. बाकी कुणाचं नाही."

माणूस खालीच बसला. मग म्हणाला, आणि खालच्या आवाजात म्हणाला म्हणून मला सगळं कळलं, "इतकी वर्षं वाजवतोय. घरात सगळे बास म्हणतात. ते दोघं येतात ते भांडायला, ऐकायला नाही." मग एकदम हुशारले. "तुमचे कान गेलेले नाहीत हो. जाड झालेत. जाड तारेला जाड कानच लागतो!"

त्या दिवसापासून ते माझ्याशी खालच्या पट्टीत बोलायचे, आणि घरच्यांनाही तसंच बोलायला शिकवलं. कितीतरी वर्षांनी मला लेकीचं बोलणं कळलं. आणि एक झालं, त्यांनी पाटाचं नाव काढणं बंद केलं. यायचे, कोपऱ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. इतकी वर्षं मी नाही म्हणत होते तेव्हा काही वाटलं नाही. मागायचे थांबले तेव्हा खुपायला लागलं. त्यांचा हात कापायला लागला होता. कानस धरली की नखावर जायची. विहीण म्हणाली, "एकच शेवटचं करायचंय म्हणतात. लाकूड मनासारखं मिळत नाही म्हणे." चार दिवस स्वयंपाक करताना पाटाकडं बघत राहिले. पाचव्या दिवशी जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "आजी, बसायला घरनं आणलं का?"

व्याह्यांनी लुगडं सोडलं आणि मलाच बोलायला लागले. "हे कशाला? तुमच्या मालकांचं पान कशापुढं मांडणार?"

"ते बघते मी. तुम्ही करा बास."

पाच महिने झाले, काही निरोप नाही. लेकीला विचारलं तर म्हणाली, बाबा रोज सकाळी आरी घेऊन बसतात, पाट वाजवतात आणि आरी परत ठेवून देतात. मग पितृपंधरवडा आला. मालकांच्या तिथीला मी एक साधी फळी धुऊन मांडली, रांगोळी घातली, पण हात पुढं जाईना. तोच दारात रिक्षा थांबली. रिक्षातून आधी हातभर मान बाहेर आली, लाकडाची, मग व्याही उतरले.

पाट कापलाच नव्हता. आहे तसा होता. खालचे खूर, कोपऱ्यांची पितळी फुलं, सगळं. एका बाजूला लांब मान बसवलेली आणि वरून चार तारा. "चार भोकं पाडावी लागली," ते म्हणाले. "त्याची माफी तुमच्या मालकांकडं मागतो." आणि फळी बाजूला सारून तो रांगोळीत ठेवला. मान एवढी लांब की दाराच्या उंबऱ्याबाहेर गेली. भाऊ पाणी घेऊन आला तो तिला अडखळला. "आरारारा! आक्का, दाजी आता बसायचं कुठं? तारा टोचतील की!"

"टोचल्या तर वाजतील," व्याही म्हणाले. "आले ते कळेल तरी."

भाऊ हसला. मग मीही हसले, मालकांच्या तिथीला पहिल्यांदा. पान झालं, कावळाही लगेच शिवला, मग व्याह्यांनी ते मांडीवर घेऊन वाजवलं. गाणं असं त्यांना कुठलं येत नव्हतंच. चार तारा, वर जायच्या आणि परत यायच्या. मी पाटावर तळवा ठेवला. मालक जेवून उठताना पाटावर हात टेकायचे, तिथंच.

व्याही जाऊन आता दोन पावसाळे झाले. त्यांच्या बाकीच्या गिटारी मास्तर आणि चाचा घेऊन गेले. त्या मोडून अजून करतायत म्हणे, आणि भांडायला तिसरा नाही म्हणून दोघंच भांडतायत. पाटाचं बास माझ्याकडं आलं. तिथीला रांगोळी घालते, मान उंबऱ्याबाहेर जाते, भाऊ न चुकता अडखळतो. पान मांडलं की मी सगळ्यांत जाड तार एकदा ओढते आणि लाकडाला हात लावून बसते. ती थांबली की परत ओढते. घरात म्हणे कुणाला नीटसं ऐकू येत नाही, खोकं जोडलेलं नसतं ना. लेक थोडा वेळ थांबते, मग जवळ येते, सासऱ्यांनी शिकवलं तसं आवाज खाली आणून म्हणते, "आई, बास."

मी म्हणते, "हो. तेच."